लाईट गेल्यावर फिरणारा हातदांडा : इंजिनिअरांनी वैद्यकाला काय दिलं आणि ते आपल्याकडे कसं पोचतं?

खाडीपलीकडची (धागाकर्ती)

मंडळी, गेली अकरा वर्षं मी सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीतल्या रुग्णालयांमधली यंत्रं दुरुस्त करते. इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केला आणि मग या बायोमेडिकलच्या कामात पडले. डायलिसिस, मॉनिटर, सिरिंज पंप, ईसीजी, ऑक्सिजनचे प्लँट, जे बिघडेल तिथे जायचं. बरेच दिवस लिहायचं मनात होतं. गेल्या महिन्यात जे बघितलं त्यानंतर राहवेना.

संध्याकाळी साडेपाचची वेळ. डायलिसिसची तिसरी बॅच चालू, पाच खाटांवर पाच माणसं. वळवाचं आभाळ भरून आलेलं. वीज कडाडली आणि लाईट गेली. जनरेटर लागायला हवा होता, लागला नाही. चार मशीनांच्या बॅटऱ्यांनी रक्ताचे पंप चालू ठेवले. पाचव्या मशीनची बॅटरी दोन मिनिटांत बसली. त्या खाटेवर वेंगुर्ल्याकडचे एक आजोबा होते. त्यांचं पाव लिटरच्या आसपास रक्त त्या वेळी शरीराबाहेर, नळ्यांत आणि फिल्टरमध्ये होतं. ते थांबून राहिलं तर गोठतं, आणि गोठलेलं रक्त परत देता येत नाही.

सिस्टरने एक शब्द न बोलता सलाईन जोडलं, पंपाचं झाकण उघडलं, मशीनला अडकवलेला हातदांडा काढून पंपात बसवला. शिरेकडे जाणारी नळी चिमट्यातून सोडवली आणि बाणाच्या दिशेने दांडा सावकाश फिरवायला सुरुवात केली. हात दांड्यावर, डोळे नळीवर, कारण लाईट नसताना हवेचा बुडबुडा ओळखणारा सेन्सरही बंद असतो. बुडबुडा गेला तर जीवावर बेततं. मी मोबाईलचा टॉर्च नळीवर धरून उभी होते. नळीतला लाल रंग हळूहळू फिका होत गुलाबी झाला, मग पाण्यासारखा. आजोबा म्हणाले, "झाला?" सिस्टर म्हणाली, "झाला हां, बाबा."

तो हातदांडा साधा वीतभर लांबीचा आहे. पण कुणीतरी इंजिनिअरने कागदावर मशीन काढताना स्वतःला विचारलं होतं की वीज गेली, बॅटरीही गेली, तर या माणसाचं रक्त परत कसं जाईल? मला संशोधन म्हटलं की आधी तो दांडा आठवतो.

मुळात हे मशीन जन्मालाच टंचाईत आलं. विलेम कोल्फ हा डच डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात देश जर्मनांच्या ताब्यात, सामान मिळत नाही. त्याने १९४३ मध्ये सॉसेज भरायची सेलोफेनची नळी लाकडी पिंपाभोवती गुंडाळली, त्यातून रोग्याचं रक्त फिरवलं आणि पिंप क्षारांच्या पाण्यात बुडवून फिरत ठेवलं. पहिली दोन वर्षं फारसं यश आलं नाही. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई त्या पिंपामुळे शुद्धीवर आली आणि पुढे जगली. आजच्या प्रत्येक डायलिसिस मशीनच्या मुळाशी ते पिंप आहे.

दुसरी गोष्टही वीज जाण्याचीच. १९५७ पर्यंत पेसमेकर, म्हणजे हृदयाचे ठोके चालू ठेवणारं यंत्र, ढकलगाडीवरचं खोकं असायचं, भिंतीच्या प्लगवर चालणारं. ३१ ऑक्टोबर १९५७ रोजी अमेरिकेत मिनियापोलिसला वीज गेली आणि त्या खोक्यावर अवलंबून असलेलं एक मूल दगावलं. तिथले हृदयाचे सर्जन डॉ. लिलेहाय यांनी अर्ल बॅकन या इंजिनिअरला विचारलं, बॅटरीवर चालणारं करता येईल का? बॅकन रुग्णालयाची यंत्रं दुरुस्त करायचा, म्हणजे माझ्याच धंद्यातला. त्याने मेट्रोनोमचं, म्हणजे गाण्याचा ठेका देणाऱ्या यंत्राचं सर्किट घेतलं, चारेक आठवड्यांत हातात मावेल एवढा पेसमेकर केला. ज्याने बिघाड जवळून बघितलाय त्यालाच काय हवं ते कळतं, असं मला या गोष्टीवरून ठाम वाटतं.

आता त्या पाचव्या बॅटरीचं. दुसऱ्या दिवशी मी मशीन उघडलं. चार्जिंगच्या बोर्डावर तांब्याच्या रेषांवर हिरवट थर धरला होता. समुद्र तिथून पाऊण किलोमीटर. खारी हवा पंख्याबरोबर आत जाते, मीठ बसतं, पावसाळी दमटपणात ते ओलं होतं आणि बोर्ड खातं. बॅटरी पूर्ण चार्जच होत नव्हती आणि पडद्यावर मात्र 'ठीक' दिसत होतं. ज्या प्रयोगशाळेत हे मशीन तपासलं गेलं असेल तिथे हे मीठ नव्हतं.

तर माझं म्हणणं एवढंच की शोध तिकडे लागतो, पण तो पुरा होतो इथे, आपल्या हवेत, आपल्या पाण्यावर, आपल्या लाईटवर. तुमच्या घरात, गावात कुठलं यंत्र कामी आलं, कुठलं अर्ध्यात सोडून गेलं, ते लिहाल का?

---

कातळसडा

सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं. एक अडाणी प्रश्न विचारतो. तो फिल्टर नक्की करतो काय? काका दोन वर्षं डायलिसिसवर आहेत, पण मी कधी विचारलंच नाही.

---

खाडीपलीकडची

@कातळसडा, अडाणी कसला, हाच प्रश्न विचारायला हवा.

काकांच्या मशीनला पुढे एक पारदर्शक नळकांडं लावलेलं असतं, साधारण फूटभर. त्यात पोकळ धाग्यांचा जुडगा असतो, दहा हजारांच्या आसपास धागे. प्रत्येकाचं आतलं भोक मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढं. आतून रक्त जातं, बाहेरून उलट दिशेने क्षारांचं पाणी. धाग्याच्या भिंतीला इतकी बारीक छिद्रं की युरिया, पोटॅशियम बाहेर जातं, रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं आतच राहतात. सगळ्या धाग्यांचा पृष्ठभाग मिळून दीड ते दोन चौरस मीटर भरतो. कोल्फच्या पिंपाचं काम आज या नळकांड्यात मावलंय.

पण माझा निम्मा जीव पाण्यात असतो. मिनिटाला अर्धा लिटर पाणी, चार तास, म्हणजे एका माणसाला एका वेळी १२० लिटर. आपण प्यायलेलं पाणी आतड्यातून गाळून रक्तात जातं. इथे पाणी आणि रक्त यांच्यात फक्त तो पातळ पडदा. म्हणून साधं पिण्यालायक पाणी चालत नाही, आरओ करून, कोळशाच्या टाकीतून काढून घ्यावं लागतं. खाडीकाठच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात. माझ्या वहीत एका विहिरीचं पाणी जानेवारीत १६० आणि मे अखेरीस ९०० च्या वर नोंदलंय, टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरवर. त्यावेळी आरओचा पडदा धापा टाकतो. विहीर आटली की टँकर येतो, टँकरवाल्याने भरपूर ब्लीचिंग पावडर टाकलेली असते. ते क्लोरीन कोळशाने धरलं नाही आणि रक्तापर्यंत पोचलं तर तांबड्या पेशी फुटतात. म्हणून दर बॅचच्या आधी कोळशाच्या टाकीनंतरचं पाणी पट्टीवर तपासायचं. काकांच्या केंद्रात तपासतात का, एकदा सहज विचारा. विचारलेलं कुणाला राग येत नाही, उलट बरं वाटतं.

---

गावकार

तुमी बरा लिवलात. माझ्या बापाशीचा डायलिसिस गेली तीन वर्सां चालू आसा, आठवड्यातसून दोन खेपो. पयल्या वर्सा कोल्हापुराक जावचा लागा. पाटे तीनाक गाडी, घाट चढान जावचा, रात्री परत घाट उतरान येवचा. घाटात तेचो जीव घाबरो व्हायचो. आता तालुक्याक मशीन इला, सकाळी जाता नि दुपारी जेवक घरात. योजनेत बसता म्हणान पैसे पण पडनत नाय. मशीन कोणी केला, खय केला, माका ठावक नाय. पण ज्येनी केला तेचा देव बरा करो. माझो बापूस माका दिसता हा, ह्या काय थोडा?

---

आंबोलीचा पाऊस

मी दोडामार्ग-बांदा पट्ट्यात काही वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर होतो. आमच्याकडचा अनुभव लिहितो.

२०१६ च्या सुरुवातीला दोडामार्ग तालुक्यात माकडताप आला. हा मूळचा कर्नाटकातल्या शिमोगा भागातला, १९५७ मध्ये क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला. माकडं मरतात, त्यांच्या अंगावरच्या गोचिडी खाली पडतात, आणि काजूच्या बागेत पालापाचोळ्यात काम करणारी माणसं सापडतात. हंगाम नेमका काजूचाच. जोराचा ताप, अंग मोडून येतं, काहींना रक्तस्राव. सुरुवातीला तो डेंग्यू वाटतो, लेप्टो वाटतो. नमुना पुण्याला पाठवायचा आणि उत्तराची वाट बघायची. तोवर घरातलं दुसरं माणूस आजारी पडलेलं असायचं, कारण बाग तीच आणि पालापाचोळा तोच.

पीसीआर, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश वाढवून तो ओळखायची तपासणी, म्हटलं की मोठी वातानुकूलित प्रयोगशाळा, हे माझ्या डोक्यात घट्ट बसलेलं. नमुना ९५ अंशांवर तापवायचा, ६० च्या आसपास थंड करायचा, असं चाळीसेक वेळा. त्याला मोठं यंत्र, अखंड वीज. गोव्यात वेर्ण्याला एक कंपनी आहे, मोलबायो. त्यांनी हेच काम नखाएवढ्या चिपवर आणलं, ट्रूनॅट. तापवायची वस्तूच एवढीशी, म्हणून वीज थोडी लागते आणि यंत्र बॅटरीवर चालतं. उत्तर तासाभरात. क्षयासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली. माकडतापासाठीही पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने त्यांच्याबरोबर चिप विकसित केली. सावंतवाडीहून दोन तासांच्या आत असलेल्या कारखान्यातली वस्तू, आणि तिचा उपयोग आपल्या काजूवाल्यांना. मला याचा मनापासून अभिमान वाटतो.

क्षयाचं तर मी रोज बघायचो. पूर्वी थुंकीची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली बघायची, जंतू कमी असले की सुटायचे, आणि रिफाम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला ते दाद देतात की नाही हे कळायला कित्येक आठवडे. आता सकाळी नमुना दिलेला माणूस संध्याकाळच्या एसटीने औषध घेऊन घरी जातो.

पण जाता जाता एक सांगतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरून कोकणातली किती माणसं वाचवली! ती रक्तदाबाची साधी गोळी. तिथे कारागिरी यंत्राची नव्हती, रात्ररात्र रोग्याच्या उशाशी बसून केलेल्या निरीक्षणाची होती. यंत्र आल्यावर ते उशाशी बसणं सुटू नये, एवढंच मला वाटतं.

---

सुरंगीचा वळेसर

वाचतेय. डॉक्टर, शेवटचा परिच्छेद फार आवडला.

माझं थोडं सांगते. माझ्या नवऱ्याला लहानपणी सांध्यांचा ताप आला होता, त्यात हृदयाची झडप खराब झाली. बत्तिसाव्या वर्षी मुंबईत ऑपरेशन करून कृत्रिम झडप बसवली, चित्रा व्हॉल्व्ह. पहिल्या रात्री घरी आलो तेव्हा पावसाची उघडीप होती, बेडकंही गप्प. आणि मला टिक टिक ऐकू आलं. मी उठून घड्याळ शोधू लागले. आमच्या खोलीत घड्याळच नव्हतं. ते त्याच्या छातीतून येत होतं. आधी भीती वाटली, आता ते ऐकल्याशिवाय मला झोप लागत नाही.

तेव्हापासून मी त्या झडपेविषयी मिळेल ते वाचलं. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांनी इंजिनिअरांना हाताशी धरून ती केली. परदेशी झडप गरीब माणसाला परवडत नव्हती म्हणून. पहिल्या रचना फसल्या. एकीत तर नीलमाची चकती होती, इतकी कठीण की झिजणार नाही म्हणून निवडलेली, पण ती ज्या धातूच्या पट्टीवर आपटायची त्या पट्टीने दम सोडला. शेवटी क्रोमियम-कोबाल्टच्या मिश्रधातूची चौकट आणि आत एका जातीच्या पॉलिथिनची चकती, ही जोडी जमली. डिसेंबर १९९० मध्ये पहिल्या रोग्याला बसवली. आजवर लाखाच्या वर माणसांना बसली आहे. हिशेब केला तर एका वर्षात ती साडेतीन कोटींहून जास्त वेळा उघडमीट करते. आमची चौदा वर्षं झाली.

रक्त पातळ ठेवायची गोळी रोज, आणि दर महिन्याला रक्ताची तपासणी. त्यात हयगय चालत नाही. मच्छी, भात, पालेभाजी सगळं खातो, फक्त पालेभाजीचं प्रमाण एकदम वाढवायचं-कमी करायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, कारण गोळीचा असर बदलतो.

---

निवृत्त शिक्षक

सुरंगीताई, तुमचं लिहिणं वाचून डोळे भरून आले. डोळ्यांचंच सांगतो. माझ्या आजीला मोतीबिंदू काढल्यावर जाड भिंगांचा चष्मा लागला होता, तो काढला की तिला हात दिसायचा नाही. माझं दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालं. दुसऱ्या दिवशी मी पडवीत बसून पेपर वाचला.

आत बसवायचं भिंग १९४९ मध्ये लंडनला हॅरल्ड रिडली यांनी पहिल्यांदा बसवलं. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेचे, म्हणजे प्लास्टिकचे तुकडे गेले होते आणि डोळा त्यांना विरोध करत नव्हता, हे त्यांच्या लक्षात आलं. तेव्हा सहकाऱ्यांनी फार विरोध केला. पुढे १९९२ मध्ये मदुराईला ऑरोलॅबने हीच भिंगं भारतात करायला घेतली आणि किंमत पूर्वीच्या कितीतरी पटींनी खाली आली. माझ्या वाडीत आज साठीच्या वरच्या निम्म्या माणसांच्या डोळ्यांत भिंग असेल. जाड चष्म्याची आजी आता कुठे दिसतच नाही.

---

माडाखालून

सगळं छान चाललंय, पण मला एक बोलायचंय. आमच्याकडच्या एका रुग्णालयात नवजात बाळांच्या काविळीचं निळ्या दिव्याचं यंत्र आलं. आठ महिने ते प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं होतं. का, तर चालवायला शिकलेली सिस्टर बदलून गेली. माझ्या बहिणीच्या बाळाला आम्ही दोन तासांच्या वाटेवर नेलं, तेच यंत्र तिकडे होतं म्हणून. तुम्ही शोधांच्या गोष्टी सांगता, पण माणूस नसेल तर शोधाचं काय करायचं?

दुसरं, हे सगळे शोध कुणावर तपासलेले असतात? कोविडात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घराघरात आला. २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं की काळ्या वर्णाच्या रोग्यांमध्ये हे यंत्र कमी झालेला ऑक्सिजन गोऱ्यांच्या मानाने जवळपास तिप्पट वेळा चुकवतं. आमच्याकडचे रापणीवर जाणारे, उन्हात रापलेले लोक. त्यांच्या बोटावरचा आकडा कितपत धरायचा?

---

खाडीपलीकडची

@माडाखालून, तुमच्या बहिणीच्या बाबतीत जे झालं त्याचा मला फार त्रास झाला वाचून. असं गुंडाळलेलं यंत्र मीही बघितलंय, एकाहून जास्त ठिकाणी. खरेदीच्या कागदात यंत्राची किंमत असते, शिकवण्याची आणि देखभालीची पाच वर्षांची किंमत नसते, तिथेच गाडं अडतं. यंत्राबरोबर एकीला नाही, निदान तिघींना शिकवलंच पाहिजे, हे मी प्रत्येक ठिकाणी भांडून सांगते.

ऑक्सिमीटरचा मुद्दा अगदी बरोबर आहे. १९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी तो शोधला. दोन दिवे, एक तांबडा आणि एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. ऑक्सिजन घेतलेलं रक्त आणि न घेतलेलं रक्त या दोन प्रकाशांना वेगवेगळं शोषतं. बोटात मांस, हाड, कातडी सगळंच प्रकाश अडवतं, पण दर ठोक्याला बदलतं ते फक्त धमनीतलं रक्त. तेवढा बदल वेगळा काढला की आकडा मिळतो. ही कल्पना मला आजही थक्क करते. पण त्या दोन प्रकाशांचं गुणोत्तर आणि खरा ऑक्सिजन यांचा ताळा माणसांवर मोजून बसवलेला असतो. त्या माणसांत काळी कातडी कमी असेल तर ताळा चुकतो. म्हणून माझ्या लोकांना मी सांगते, एका आकड्यावर जाऊ नका, बोट गरम करून बघा, नखावरचा रंग काढा, मेंदीही, आणि आकडा हळूहळू खाली येतोय का ते बघा. श्वास लागत असेल आणि आकडा चांगला असेल, तर श्वासावर विश्वास ठेवा, डॉक्टरकडे जा.

हवेचा विषय निघालाच आहे तर ऑक्सिजनच्या प्लँटचं सांगते. २०२१ नंतर ते पुष्कळ ठिकाणी बसले. हवेत ७८ टक्के नायट्रोजन. दाबाखाली हवा झिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या दाण्यांवरून नेली की दाणे नायट्रोजन धरून ठेवतात, ऑक्सिजन पुढे जातो. दाब काढला की नायट्रोजन सोडून देतात. दोन टाक्या आळीपाळीने. पण याच दाण्यांना पाण्याची ओढ नायट्रोजनपेक्षाही जास्त. दमट हवा नीट न सुकवता आत गेली की दाणे पाणी धरून बसतात आणि मग ऑक्सिजनचं प्रमाण ९३ वरून घसरत जातं. कोकणात जुलै महिन्यात भिंतींना पाझर फुटतो, त्या हवेचा हा प्लँट. इथे ड्रायर दुप्पट काळजीने बघावा लागतो आणि पाणी बाहेर टाकणारा छोटा व्हॉल्व्ह रोज हाताने उघडून बघावा लागतो. ते करणारा एक वॉर्डबॉय आहे एका ठिकाणी, शिक्षण नववी. त्याच्या प्लँटचा आकडा मी कधी ९२ च्या खाली बघितला नाही.

---

हर्णै बंदर

माझा काका मच्छीमार. मधुमेहात पाय गुडघ्याखालून गेला. आधी एक परदेशी धर्तीचा पाय घेतला, त्याला बूट लागायचा. ओल्या वाळूत, होडीत, बुटाचा उपयोग काय? मग शिबिरात जयपूर फूट बसवला. रामचंद्र शर्मा नावाच्या कारागिराने आणि डॉ. सेठी यांनी १९६८ च्या सुमारास केलेला. रबराचा, पाणी लागलं तरी चालतो, अनवाणी चालता येतं, मांडी घालता येते, उकिडवं बसता येतं. काका आता किनाऱ्यावर उकिडवा बसून जाळी विणतो. आमच्या माणसाला उकिडवं बसता आलं पाहिजे, हे ज्याला कळलं तो मोठा इंजिनिअर, मग त्याच्याकडे डिग्री असो नसो.

---

गुहागरवाला

माझ्या वडिलांचं सांगतो. पहाटे छातीत दुखायला लागलं. ग्रामीण रुग्णालयात ईसीजी काढला, तो मोबाईलच्या नेटवर शहरातल्या हृदयतज्ज्ञाकडे गेला, दहा मिनिटांत फोन आला, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तिथेच दिलं. मग ॲम्ब्युलन्सने पुढे. तज्ज्ञ म्हणाले, इंजेक्शन न देता आधी निघाला असतात तर वाटेतच हृदयाचा बराच भाग गेला असता.

ईसीजी दूरवर पाठवणं मला नवं वाटत होतं, पण ते शंभर वर्षांहून जुनं आहे! आइन्टोव्हेन या डच शास्त्रज्ञाचं पहिलं यंत्र पावणेतीनशे किलोच्या घरात होतं, चालवायला पाच माणसं, आणि रोग्याने हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसायचं. ते रुग्णालयात नेता येईना, म्हणून त्यांनी रुग्णालयापासून दीड किलोमीटरवरच्या प्रयोगशाळेत टेलिफोनच्या तारेने हृदयाचा आलेख आणला. १९०५ साली. १९२४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आमच्या रुग्णालयातलं यंत्र डब्याएवढं आहे. नेट मात्र पावसात जातं. त्या दिवशी होतं, हे आमचं नशीब.

---

तुतारी एक्सप्रेस

कॅन्सरसाठी अजून मुंबईच. मी आईला घेऊन वर्षभर सावंतवाडी ते दादर करतोय. पण एक चांगली बातमी इथे नोंदवतो. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून केलेल्या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. रोग्याच्याच रक्तातल्या टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, काढून, त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवून परत द्यायच्या. काही प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे, सगळ्यांसाठी नाही, आईच्या प्रकारात बसत नाही. तरी परदेशात तीन-चार कोटी लागणारी गोष्ट इथे चाळीसेक लाखांवर आली. आपल्याला तीही झेपणारी नाही, पण दिशा तीच हवी. किरणोपचाराचं भाभाट्रॉन हे यंत्रही आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राचंच, पहिलं २००५ मध्ये खारघरला लागलं. असं एखादं कोकणात खाली लागलं तर आईला रात्रभर सीटवर बसून जावं लागणार नाही.

---

तालुक्याची सिस्टर

मी इथे पहिल्यांदाच लिहितेय. धाग्यातला हातदांडा फिरवणारी मी नव्हे, पण मीही दोनदा फिरवलाय.

इंजिनिअर मंडळींना माझं सांगणं आहे. आमच्या वॉर्डात सहा यंत्रं, सहाही एकाच सुरात ओरडतात. बॅटरी कमी झाली तरी तोच आवाज, पेशंटचा श्वास थांबला तरी जवळपास तोच. रात्री दोघी असतो, चाळीस पेशंट. दहा वेळा धावून गेल्यावर अकराव्या वेळी पाय जड होतो, आणि अकरावा खरा असतो. पडद्यावरची सूचना मराठीत का येत नाही? नवीन मुलगी घाबरलेली असताना इंग्रजी वाक्य वाचत बसेल का? आणि साफ करताना बोट शिरणार नाही अशा खाचा ठेवू नका. त्या खाचेत रक्त वाळतं, आम्हाला दात कोरायच्या काडीने काढावं लागतं. हे ज्याने आखलं त्याने एकदा तरी आमच्याबरोबर रात्रपाळी करावी. चहा आम्ही देऊ.

---

खाडीपलीकडची

सिस्टर, तुमची पोस्ट मी छापून माझ्या टूलबॅगेत ठेवणार आहे. खाचेचं तर मी इतकी वर्षं उघडून बघतेय आणि माझ्याही मनात आलं नाही की ती साफ कोण करत असेल.

---

लोणेरे हॉस्टेल

नमस्कार. मी लोणेऱ्याला इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे, घर राजापूरजवळ. आम्हा चौघांना शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट ठरवायचा आहे. आत्तापर्यंत जे विषय पुढे आले ते सगळे इंटरनेटवरून उचललेले होते. हा धागा चौघांनी मिळून मेसमध्ये मोठ्याने वाचला. ताई, मशीनची बॅटरी खरोखर किती टिकेल हे पडद्यावरच्या 'ठीक'वर न सोडता वेगळं मोजणारी आणि सिस्टरना मराठीत सांगणारी छोटी पेटी आम्ही करू शकतो, असं वाटतंय. मशीनला हात न लावता, बाहेरून. तुमच्या वहीतल्या नोंदी बघायला मिळतील का?

---

खाडीपलीकडची

मिळतील. वह्या तीन आहेत, अकरा वर्षांच्या. पेशंटची नावं त्यात नाहीत, फक्त यंत्र, तारीख, काय बिघडलं आणि का. बॅटरीच्या नोंदी दुसऱ्या वहीत जास्त आहेत.

दोन गोष्टी आधीच लक्षात घ्या. चालू बॅचमध्ये बॅटरीला हात लावायचा नाही, मोजणी रविवारी, मशीन रिकामं असताना, रुग्णालयाची परवानगी घेऊन. आणि तुमच्या पेटीच्या बोर्डाला पहिल्या दिवसापासून लॅकरचा थर द्या, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात तुमचीच पेटी मला उघडावी लागेल.

मंगळवारी पहिली बॅच सकाळी सातला लागते. सव्वासहाला या, मी पाणी तपासत असते तेव्हा. तालुक्याच्या सिस्टर, तुम्हाला जमलं तर तुम्हीही या.

---

तालुक्याची सिस्टर

सोमवारची रात्रपाळी आहे माझी. सुटून सरळ येते.